बुद्धीचे माप

दिवाळीच्या फराळाला चार नातलग जमले, की कुणाचे मूल हुशार आणि कुणाचे ढ याचा निवाडा हातातली चकली संपण्याआधी होतो. मानसशास्त्रज्ञांना मात्र बुद्धी म्हणजे काय हे अजून एकमताने सांगता आलेले नाही. कुणी म्हणतो, नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची शक्ती. कुणी म्हणतो, अमूर्त विचाराची पात्रता. एडविन बोरिंग या अमेरिकन पंडिताने तर १९२३ साली सांगून टाकले, की बुद्धीच्या कसोट्या जे मोजतात तीच बुद्धी! वजन म्हणजे तराजू दाखवील ते, असे आपला वाणीही सांगेल. पण पारड्याखाली काय चिकटवले आहे, हे त्याला निदान ठाऊक असते.

या कसोट्यांचा उगम मोठा सात्त्विक आहे. शाळेत मागे पडणारी मुले शिक्षकाच्या लहरीवर न सोडता ओळखता यावीत आणि त्यांना वेगळी मदत मिळावी, म्हणून पॅरिसच्या आल्फ्रेड बिने याने डॉक्टर सिमाँच्या साह्याने १९०५ साली तीस प्रश्नांची मालिका रचली. बुद्धी जन्मतःच कायमची ठरते, हे मत त्याला मुळीच मान्य नव्हते. १९११ साली तो वारला. पुढल्याच वर्षी जर्मनीत स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले. अमेरिकेत टर्मनने त्याला शंभराने गुणले, आणि बुद्ध्यंक जगभर झाला.

त्या आकड्याचे पुढे काय झाले, ते व्हर्जिनियातील कॅरी बकला विचारायला हवे होते. तिचे मानसिक वय नऊ ठरले, तिच्या आईचे त्याहून कमी. आणि तिची सात महिन्यांची मुलगी सर्वसामान्य दिसत नाही, अशी एका बाईने साक्ष दिली. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने कॅरीच्या वंध्यीकरणाला संमती दिली. ती मुलगी, व्हिव्हियन, शाळेत गेली. १९३१ साली तिचे नाव गुणवंतांच्या यादीत लागले. १९३२ साली ती वारली. वय अवघे आठ.

म्हणून कसोट्या जाळून टाकाव्यात, असे मला वाटत नाही. आम्हा मास्तरांची नजर त्याहून दगाबाज. ती मुलाचा सदरा पाहते, उच्चार ऐकते, आडनाव विचारते. त्या नजरेपासून मुलाला वाचवील, असे काहीतरी माप हवेच. तरी कुणी असा आकडा घेऊन माझ्या वर्गात आला, तर मी दोन गोष्टी विचारतो: प्रश्न मुलाच्या घरच्या बोलीत घातले होते का, आणि आता त्याला जास्त वेळ कोण शिकवणार? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा मिळते.