जुन्या वस्तूचा ऐब

घरातला टीव्ही गेल्या रमजानपासून कुरकुरत होता. लावल्यावर वीस-पंचवीस मिनिटे चित्र स्वच्छ दिसायचे. मग तो तापला की पडद्यावर डाव्या बाजूला एक उभी हिरवी रेघ यायची. बदलायचे ठरले. मुलाने त्रेचाळीस इंची नवा, सव्वीस हजारांचा पसंत केला. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, हा त्याचा मुद्दा. मी पेन्शनवर जगणारा शिक्षक. मला त्याच मापाचा, दुरुस्त करून पुन्हा विक्रीला ठेवलेला टीव्ही चौदा हजारांत दिसला. दुकानदार त्याला रिफर्बिश्ड म्हणतो. आमच्या चिपळुणात लोक सरळ सेकंडहँड म्हणतात, आणि म्हणताना आवाज थोडा खाली येतो.

हा आवाज खाली का येतो? ऐंशीच्या दशकात मोहल्ल्यात पहिला टीव्ही कुवेतहून आला, तेव्हा वाद होता तो टीव्ही घरात असावा की नसावा, याचा. बुजुर्ग मंडळी तो सुरू झाला की उठून ओटीवर जात. तो वाद कधी मिटला ते कळलेही नाही. आता विचारतात, किती इंची? पुढच्या महिन्यात मुलीची मंगनी होती. मी म्हटले, "पाहुणे काही टीव्ही बघायला येत नाहीत." बेगम म्हणाली, "बघायला येत नाहीत, पण बघून जातात."

कुराण शरीफ उधळपट्टीला मना करते, हे आपण सगळेच सांगतो. पण खर्चात हात आखडणेही त्याला मंजूर नाही. दोहोंच्या मधला रस्ता सांगितला आहे. तेव्हा माझी काटकसर म्हणजे कंजूषपणा तर नव्हे, हे मला तपासायला हवे होते. शिवाय चौदा हजारांची वस्तू वर्षभरात बंद पडली तर तोही इस्राफच. म्हणजे प्रश्न नव्याजुन्याचा राहत नाही. वस्तू कशी आहे आणि तिच्याविषयी खरे सांगितले जाते की नाही, एवढाच उरतो.

असे टीव्ही येतात अनेक वाटांनी. कुणी खोका उघडून परत केलेला असतो, कुणी बदल्यात दिलेला, कुणी शोरूममध्ये दिवसभर पूर्ण उजेडावर चाललेला. मागची दिव्यांची पट्टी गेली असेल तर ती थोडक्या पैशांत बदलता येते. पडद्याचे पॅनेल गेले तर त्याची किंमत जवळजवळ टीव्हीएवढीच. बाहेरून दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. पाहून कळत नाही, विचारूनच कळते.

आणि चिपळूणकराचा एक प्रश्न ठरलेला असतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. त्यानंतर किती यंत्रे धुऊन, वाळवून पुन्हा चालू झाली, याचा हिशेब नाही. पुराच्या गढूळ पाण्यात भिजलेले सर्किट धुतल्यावर चालते, पण तांब्याच्या रेषांवर हळूहळू हिरवा गंज चढत राहतो. मी दुकानदाराला विचारले, "पुरातला तर नाही ना?" तो म्हणाला, "नाही चाचा. शोरूममध्ये दोन वर्षं चाललेला आहे. पट्टी नवी घातलीय, पॅनेल मूळचंच. उजेड नव्यापेक्षा थोडा कमी वाटेल."

त्याचे बोलणे मला आवडले. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला विचारल्याची हदीस आपल्याला ठाऊक आहे. ओले धान्य विकूच नको, असे त्याला म्हटले नव्हते. झाकू नको, एवढेच. लपवलेला ऐब नंतर सापडला तर माल परत करण्याचा हक्क फिकहने ग्राहकाला दिला आहे, तो याच समजुतीतून.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. मग दुकानातला मुलगा आमचा जुना टीव्ही पाहायला आला. बदल्यात अडीच हजार मिळणार होते. त्याने बटण दाबले, दोन मिनिटे पाहिले. चित्र स्वच्छ. "चांगला आहे चाचा." मी गप्प. तो टीव्ही पुरातला होता. आमच्या घरात तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीच्या खालच्या कडेपर्यंत पाणी चढले होते. सर्किट त्याच कडेला असते. मी ते धुऊन घेतले, एक बोर्ड बदलला, आणि रेघ यायला अजून वीस मिनिटे होती.

मनाने सबबी भराभर पुढे केल्या. हा त्यांचा धंदा आहे, तपासणे त्यांचे काम. मी खोटे काही बोललोच नाही. पण वर्गात मुलांना मुतफ्फिफीन सूरेचा अर्थ मीच सांगत असे: घेताना माप पुरेपूर घेणारे, आणि देताना कमी भरणारे. सत्याचे माप दुकानदाराकडून मी काठोकाठ घेतले होते.

शिवाय नुकसान दुकानदाराचे होणार नव्हते, हेही मला कळत होते. तो रेघ तात्पुरती घालवून टीव्ही विकणार; घेणार तो माझ्याहून गरीब, ज्याला काय विचारावे हेही ठाऊक नसते. लपवलेला ऐब संपत नाही, तो एकेक पायरी खाली उतरत जातो. सगळ्यांत खालच्या पायरीवर दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्या आहेत, जिथे आपल्यातलेच हात असले मोडके सामान तोडून त्यातून तांबे काढतात आणि धूर छातीत घेतात.

"बेटा, जरा बस. चहा घे," मी म्हटले. रेघ येईपर्यंत तो बसला, आणि पुराचे मी सांगितले. अडीच हजारांचे सातशे झाले. मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. अठराशे रुपये ही आमच्या घरात लहान रक्कम नाही. बेगम काहीच बोलली नाही.

दुकानातला टीव्ही आम्ही घेतला. तो शोरूममध्ये दोन वर्षे चालला आहे, हे बिलावर लिहून घेतले. मंगनीच्या दिवशी पाहुण्यांपैकी एकांनी विचारलेच, "नवा घेतलात वाटतं?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बेगम म्हणाली, "नाही, वापरलेला आहे. काय बदललंय, काय नाही, सगळं विचारून घेतलाय." तिचा आवाज खाली आला नव्हता.