देवाच्या नावाचा सातबारा

धर्मसंस्था जमिनीच्या व्यवहारात उतरली की तिला श्रद्धेने जोखायचे की कायद्याने, हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्याला आता टाळता येणार नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या नव्या नगरासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली. काल जी जमीन गुंठ्यावर मोजली जात होती, ती उद्या चौरस फुटावर विकली जाईल. आपल्या गावांत देवळाची, मशिदीची, चर्चची जमीन असतेच. बिल्डर आला की तो आधी विश्वस्तांना भेटेल. गावाला कळेल ते भूमिपूजनाच्या पत्रिकेवरून.

उलव्यात याची नांदी झालीच आहे. तिरुमला तिरुपती देवस्थानाला बालाजी मंदिरासाठी सिडकोने तिथे दहा एकर जागा दिली आणि ७ जून २०२३ रोजी भूमिपूजन झाले. ही जागा भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली आहे आणि अटल सेतूच्या कामासाठी ती तात्पुरती वापरली जात होती, असा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. तो खरा की खोटा, हे नकाशे आणि मोजणी ठरवतील. पण अशा वेळी आक्षेप घेणाऱ्यालाच ‘देवाच्या कामात खोडा घालतो’ असे सुनावण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याच जागेवर एखाद्या कंपनीचे गोदाम येणार असते, तर तोच माणूस जागरूक नागरिक ठरला असता. जमीन तीच, आक्षेप तोच. मग त्याच्या हेतूवरच शंका का?

मंदिर बांधणे आणि वस्ती बांधणे यांत मात्र फरक आहे. धर्मसंस्था लोकांची घरे आणि दुकानेच बांधायला घेते तेव्हा काय होते, ते पाहायला सेतू ओलांडून मुंबईत जावे लागेल. दक्षिण मुंबईच्या बाजारपेठांना लागून असलेल्या भेंडीबाजाराचा पुनर्विकास सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट करत आहे. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हाणुद्दीन यांच्या प्रेरणेने हा ट्रस्ट २००९ मध्ये उभा राहिला. साडेसोळा एकर, सुमारे अडीचशे जुन्या इमारती, बत्तीसशेच्या आसपास कुटुंबे आणि साडेबाराशे दुकाने, असा त्याचा पसारा आहे. रहिवाशाला किमान ३५० चौरस फुटांचे मालकीचे घर, दुकानदाराला दुकान, आणि उरलेल्या बांधकामाच्या विक्रीतून खर्चाची भरपाई, असे त्याचे गणित आहे.

या कामाचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गोठलेल्या भाड्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नाही आणि पागडीच्या भाडेकरूला मालकी नाही, अशा अवस्थेत या चाळी दशकानुदशके कुजत होत्या. दिरंगाईची किंमत काय असते, तेही याच वस्तीने पाहिले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे मेली. ही इमारत प्रकल्पाच्या हद्दीत होती, धोकादायक ठरलेली होती. काही कुटुंबे बाहेर पडली होती, काही आतच होती. त्यामुळे सरकारला आणि बाजाराला जे जमले नाही, ते एका धर्मसंस्थेने हाती घेतले, याचे मोल आहेच.

पण चांगले काम करणाऱ्याला प्रश्न विचारू नयेत, हा तर्क चुकीचा आहे. अशा प्रकल्पात पैसा केवळ भक्तांचा नसतो. पुनर्विकासासाठी मिळणारे जादा चटईक्षेत्र हे शहराने दिलेले दान असते. त्याचा भार रस्ते, पाणी आणि गटारे यांच्या रूपाने सगळ्यांवर पडतो. दाता सार्वजनिक असेल तर हिशेबही सार्वजनिकच हवा. विक्रीचे किती बांधकाम, कोणत्या दराने, आणि शिल्लक कुठे गेली, हे विचारण्याचा अधिकार बोहरा रहिवाशाला जितका आहे तितकाच त्या गल्लीतल्या बिगरबोहरा भाडेकरूला आणि कुलाब्यातल्या करदात्यालाही आहे.

याहून अवघड प्रश्न संमतीचा आहे. पुनर्विकास रहिवाशांच्या संमतीवर उभा असतो. जिला संमती द्यायची ती संस्था आणि समाजाचे लग्न, मशीद, कबरस्तान यांवर ज्याचा शब्द चालतो तो धर्मगुरू, हे एकाच रचनेचे भाग असतील, तर ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक किती उरते? ट्रस्टने कोणाला धमकावले असा आरोप मी करत नाही. धमकीची गरजच पडू नये अशी रचना असणे, हीच खरी अडचण आहे. या समाजात बहिष्काराचा इतिहास आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. त्या वेळच्या सय्यदनांच्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरवला. सुधारणावादी बोहरांच्या छळाची कैफियत नथवानी आयोगाच्या १९७९ च्या अहवालात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. ज्या समाजात वेगळे पडण्याची शिक्षा आजही न्यायप्रविष्ट आहे, तिथे सहीचा कागद पुरेसा पुरावा मानता येत नाही.

एका अल्पसंख्य समाजाकडे बोट का दाखवता, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे, म्हणून बोट आपल्याकडेच वळवू. वाळीत टाकण्याच्या प्रथेसाठी राज्यात जे जिल्हे बदनाम झाले त्यांत रायगड आघाडीवर होता. गावकीचा हुकूम मोडला की दुकानदाराने माल द्यायचा नाही, लग्नकार्याला बोलवायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, अनेक कुटुंबे पुढे आली आणि २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हिंदू गावकीचा हा अनुभव गाठीशी असताना बोहरांच्या संमतीबद्दल तेवढी शंका घ्यायची आणि आपल्या ग्रामदेवतेच्या जमिनीवर पंचांनी मागितलेली सही मात्र निर्मळ मानायची, हा दुटप्पीपणा होईल.

दुसरा आक्षेप असा, की बिल्डर लुटतोच, त्यापेक्षा देवाला भिणारी संस्था बरी. याचे उत्तर न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चने सव्वाशे वर्षांपूर्वीच दिले आहे. १७०५ मध्ये राणी ॲनकडून मिळालेल्या जमिनीमुळे हे चर्च शहराच्या ऐन मध्यभागी मोठे जमीनमालक बनले. त्याच्या चाळींत मजल्यामजल्यावर पाणी द्यावे, असा कायदा सांगत होता. चर्चने तो मानण्याऐवजी कोर्टात लढवला आणि १८९५ मध्ये ते हरले. ते पाणी भाडेकरूंना चर्चच्या प्रवचनामुळे मिळाले नाही; आरोग्य खात्यामुळे मिळाले. संस्था पवित्र असली म्हणून मालक दयाळू होत नाही, आणि दयाळू झाला तरी भाडेकरूचे आयुष्य मालकाच्या दयेवर सोडायचे नसते. घर हक्काने मिळाले तर माणूस ताठ मानेने राहतो. कृपेने मिळाले तर आयुष्यभर वाकून.

शहाण्या कायद्यांना हे कळते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये धर्मसंस्थांना स्वतःच्या जमिनीवर घरे बांधण्याची वाट सोपी करून दिली. अट घातली ती घरे परवडणारी असण्याची. म्हणजे धर्मसंस्थांनी घरे बांधण्यात गैर काही नाही. सवलत मिळाली की शर्तही पाळावी लागते, इतकेच.

आपल्याकडे शर्ती कागदावर आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. बिगरशेती जमीन त्या परवानगीशिवाय तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानेही देता येत नाही. सातबाऱ्यावर नाव देवाचे असेल तर मालक देव, पुजारी केवळ व्यवस्थापक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. कायदा आहे, तो विचारणारी माणसे नाहीत. कारण विश्वस्ताला हिशेब मागणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असा समज आपण जोपासला आहे. देव कधीही करारावर सही करत नाही. सही करणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणे ही नास्तिकता नव्हे.

‘आमच्या देवाची जमीन, तुम्ही कोण?’ या धाटणीचा सवाल याच जिल्ह्यात पूर्वीही झाला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर सवर्णांनी मालकीचा आणि रूढीचा दावा लावला होता. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. रूढीच्या नावावर हक्क सांगणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो, हा धडा रायगडला नवा नाही.

तेव्हा तीन गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. देवस्थान, मशीद किंवा चर्च यांच्या जमिनीचा कोणताही करार सहीपूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावा. रहिवाशांची संमती पंचांनी किंवा विश्वस्तांनी गोळा करू नये. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासात निबंधकाच्या अधिकाऱ्यासमोर सभा होते आणि तिचे चित्रीकरण होते. तोच दंडक इथे लावावा आणि मत गुप्त ठेवावे. घर आणि दुकान मिळण्याची पात्रता वास्तव्यावर ठरावी, वर्गणीवर, जातीवर किंवा धर्मगुरूच्या मर्जीवर नव्हे.

या मागण्यांनी कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागत नाही. धक्का लागेल तो ज्यांना देवाच्या नावाच्या सातबाऱ्यावर स्वतःचा व्यवहार उरकायचा आहे, त्यांना. आणि तो लागायलाच हवा.