राखलेला वेग

लहान गाडीविषयी दोन प्रश्न विचारले जातात: ॲव्हरेज किती देते, आणि चालवायला मजा येते का. पहिला प्रश्न संसारी माणसाचा समजला जातो, दुसरा हौशी माणसाचा. ‘ॲव्हरेज बघायचं असेल तर मजा विसरा’ हा सल्ला शोरूमपासून पेट्रोल पंपापर्यंत सर्रास ऐकू येतो आणि त्याला सहसा कोणी हटकत नाही. तो हटकायला हवा. पेट्रोल नेमके कशात खर्च होते याविषयीचा जुना गैरसमज त्याच्या मुळाशी आहे.

टायरमध्ये हवा पुरेशी असावी, एअर फिल्टर साफ असावा, डिकीत नको ते ओझे वर्षभर वाहू नये, हे सगळ्यांना पाठ आहे. कंपनीने छापलेला आकडा रस्त्यावर मिळत नाही, हेही. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर चाके फिरवून, एसी बंद ठेवून, ताशी ९० किलोमीटरच्या आत ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-उतरवत काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी पडतो; महिन्याचा खर्च त्यावरून मांडू नये. पण एकच गाडी, एकच रस्ता आणि तरीही दोन चालकांच्या ॲव्हरेजमध्ये मोठा फरक, ही रोजची गोष्ट या यादीतून उलगडत नाही. ती उलगडते एका भेदातून: वेग मिळवणे वेगळे आणि मिळवलेला वेग राखणे वेगळे.

दोन माणसे बसलेली लहान गाडी साधारण ९०० किलोची धरू. ती ताशी ६० किलोमीटरने धावत असते तेव्हा तिच्या गतीत सुमारे १२५ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लीटर पेट्रोलमध्ये ऊर्जा असते सुमारे ३२ मेगाज्यूल, पण शहरातल्या चालवण्यात तिचा पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचला तरी पुष्कळ. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. म्हणजे थांबलेली गाडी ६०पर्यंत नेण्यालाच वीसएक मिलिलीटर पेट्रोल लागते. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की ते सगळे ब्रेकच्या पॅडमध्ये तापून संपते. असे पन्नास वेळा झाले की एक लीटर पेट्रोल केवळ ब्रेक तापवण्यात गेले. वेग ८० असेल तर साठलेली ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते आणि नुकसानही तेवढेच वाढते. सायकलस्वाराला हे शिकवावे लागत नाही. वेगाची किंमत त्याच्याच पायांनी मोजलेली असते, म्हणून तो दूरवरचा लाल दिवा पाहूनच पायडल थांबवतो. मोटारीत ती किंमत पायाला कळत नाही, पंपावर कळते.

घाटात हाच हिशेब उंचीच्या रूपात येतो. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर चढण आहे. तेवढी उंची गाठायला या गाडीला अर्धा लीटरच्या आसपास पेट्रोल द्यावे लागते आणि पुणेही जवळपास तेवढ्याच उंचीवर असल्याने पुढे ते परत मिळत नाही. मुंबईहून पुण्याला जाताना ॲव्हरेज कमी आणि येताना जास्त, याचे कारण इतके साधे आहे. उतरताना न्यूट्रल टाकण्याची सवय मात्र अजून टिकून आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिला अर्थ होता, कारण गिअरमध्ये उतरतानाही इंजिन पेट्रोल ओढत राही. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असेल, तर ठरावीक फेऱ्यांच्या वर पेट्रोलचा पुरवठा पूर्ण बंद होतो. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळत राहते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. म्हणजे घाटात न्यूट्रल टाकणारा पेट्रोलही घालवतो आणि जीवही धोक्यात घालतो.

गिअरच्या बाबतीतही रूढ समजूत उलटी आहे. पाय जितका हलका तितके ॲव्हरेज चांगले, असे म्हटले जाते. पेट्रोल इंजिनाला हवा आत घेऊ देणारी झडप अर्धवट मिटलेली असली की इंजिनाची पुष्कळ शक्ती नुसती हवा ओढण्यात जाते. म्हणून खालच्या गिअरमध्ये भीतभीत पाय टेकवून, इंजिन ओरडत ठेवून गाडी रेटण्यापेक्षा गिअर लवकर बदलत, कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर मोकळेपणाने दाबून हवा तो वेग गाठणे आणि मग तो राखणे स्वस्त पडते. अर्थात त्यालाही मर्यादा आहे: इंजिन धडधडू लागले, गाडी दम खाऊ लागली, तर गिअर खाली आणावाच लागतो. ही मर्यादा कानाने आणि आसनातल्या कंपनाने ओळखायची असते, आणि इथेच काटकसर नुसता हिशेब न राहता हातापायांचे कौशल्य होते.

मजा विसरायला सांगणाऱ्यांचा मुख्य मुद्दा पिकअपचा असतो. जोरात सुटणारी गाडी म्हणजे आनंद, आणि जोरात सुटायचे तर पेट्रोल जाणारच. यातला दुसरा अर्धा भाग खरा आहे. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडताना ताकद हवीच, तिथे पेट्रोलचा हिशेब करणे अविचार ठरेल. पण पहिला अर्धा भाग आनंदाची व्याख्याच तोकडी करतो. पाठीला धक्का बसण्याचे सुख तीन सेकंदांत संपते. त्यानंतर समोर बस असते. ताम्हिणी किंवा वरंध घाटात खरा आनंद असतो तो वळण आधी वाचण्यात, योग्य गिअर वळणापूर्वीच टाकण्यात, ब्रेक दाबावा लागणार नाही इतक्या अचूक वेगाने आत शिरण्यात आणि बाहेर पडताना गाडी तशीच वाहती ठेवण्यात. हे करणारा चालक वेग राखत असतो, म्हणजे पेट्रोलही राखत असतो. तो हळू जात नाही. वायाही घालवत नाही. सपाट एक्सप्रेसवेवर मात्र हे कौशल्य फारसे लागत नाही. तिथे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८०ऐवजी १००ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि पाय आवरण्यापलीकडे करण्यासारखे काही उरत नाही.

काटकसरीतून जन्मलेली गाडी रुक्षच असली पाहिजे, हे इतिहासाने तर केव्हाच खोडून काढले आहे. १९५६च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले. त्या टंचाईतून ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली मिनी १९५९मध्ये बाजारात आली: लांबी जेमतेम तीन मीटर, ८४८ सीसीचे इंजिन आडवे बसवलेले, पुढच्या चाकांना गती, आणि चाके दहा इंचांची. चार माणसांना कमीत कमी पेट्रोलमध्ये नेणे एवढाच तिचा हेतू होता. पण हलके वजन आणि चार कोपऱ्यांत ढकललेली चाके यांमुळे ती वळणावर अशी चिकटून जाई, की जॉन कूपर यांच्या हातून तयार झालेल्या तिच्या जोमदार आवृत्तीने १९६४, १९६५ आणि १९६७मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. कूपर आवृत्तीचे इंजिन मोठे होते हे खरे. पण आपल्याहून कितीतरी बलवान गाड्यांना तिने घाटरस्त्यांवर मागे टाकले ते वजन आणि वळण यांच्या जोरावर. डिसेंबर १९८३मध्ये भारतात आलेली मारुती ८०० याच विचाराची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सुरुवातीला चाळीसहून कमी अश्वशक्ती, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. फियाट आणि ॲम्बेसिडरच्या जड स्टिअरिंगला सरावलेल्या हातांना तिने हलकेपणाचा पहिला अनुभव दिला.

इथपर्यंतचा युक्तिवाद असा, की चांगला चालक काटकसर आणि मजा एकाच कृतीत साधतो. पण त्यावर एक आक्षेप असा आहे, जो पिकअपवाल्यांना सुचलेला नाही. हायब्रिड गाडी ब्रेक लावताना वाया जाणारा वेग विजेत परत साठवते. वेग राखण्याचे जे काम चालकाचे कौशल्य करी, ते ती त्याच्या नकळत करते, आणि शहराच्या गर्दीत सरस चालकाच्या साध्या लहान गाडीलाही ॲव्हरेजमध्ये मागे टाकते. विजेच्या गाडीचेही तसेच. मग चालवण्याच्या आनंदाचे समर्थन पेट्रोलच्या बचतीवर उभे करता येत नाही. उद्या यंत्र अधिक बचत करील आणि समर्थन कोसळेल. हा आक्षेप मान्यच करावा लागतो. त्यानंतर शिल्लक राहते ती एकच गोष्ट, जी बचत आणि आनंद दोन्हींच्या खाली आहे: वजन. हलक्या गाडीला वेग मिळवायला कमी लागते, थांबवायला कमी लागते, वळवायला कमी लागते, मग चालक कसाही असो आणि इंधन कोणतेही असो.

आणि नेमके वजन कमी ठेवण्याकडेच आपल्या नियमांचे दुर्लक्ष आहे. २००६च्या अर्थसंकल्पापासून लहान गाडीची करसवलत लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे १२०० सीसी किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत, या अटींवर मिळते. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हाही मोजमाप हेच राहिले. परिणामी लांबी चार मीटरच्या आत ठेवून रुंद, उंच आणि अकराशे-बाराशे किलोंच्या गाड्या ‘लहान’ म्हणून विकल्या जातात. कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी उत्सर्जनावर मर्यादा घालणाऱ्या, २०१७-१८पासूनच्या कॅफे निकषांत तर सरासरी वजन जितके जास्त तितकी मर्यादा सैल होते. वजन वाढण्यामागे सुरक्षिततेचा वाटा आहे हे नाकारता येणार नाही. मजबूत सांगाडा आणि एअरबॅग मारुती ८००मध्ये नव्हत्या आणि त्या हव्याच. पण उंच बॉनेट, मोठी चाके आणि छतापर्यंत चढवलेली काच यांचे ओझे सुरक्षिततेच्या नावावर मांडणे चूक आहे. जपानमध्ये केई गाड्यांना लांबीबरोबर १.४८ मीटर रुंदीचीही अट आहे, आणि त्याहून मोठ्या खासगी गाड्यांवरचा वजनकर दर अर्ध्या टनाला वाढत जातो. फ्रान्सने २०२२पासून जड गाड्यांच्या नोंदणीवर वजनानुसार अधिभार लावला. भारतात सवलतीच्या अटींत लांबीच्या जोडीला किलोग्रॅमची एक मर्यादा घातली आणि कॅफे निकषांतली वजनाची सूट काढली, तर सुरक्षिततेची उपकरणे ठेवूनही इतरत्र वजन उतरवण्याचे काम कंपन्यांच्या अभियंत्यांकडे जाईल.