नवी क्रूझर कोणासाठी?

क्रूझर मोटारसायकलचं नवं मॉडेल आलं की चर्चा दिव्यापासून सुरू होते. गोल दिवा काढून एलईडी का लावला, टाकी अशी का फुगवली, मडगार्ड एवढं आखूड का कापलं. गाडी चालेल की शोरूममध्ये धूळ खात पडेल, हे लोक फोटो बघूनच ठरवून मोकळे होतात. मला वाटतं, रूपाला आपण नको तेवढं महत्त्व देतो. आजवर न आलेला कोणी त्या गाडीमुळे दुकानाची पायरी चढतो का, खप यावर ठरतो.

हार्ले-डेव्हिडसनचंच बघा. मागे शॉकअपच नसलेल्या जुन्या गाड्यांची ती सरळ उतरती रेघ अमेरिकेतल्या शौकिनांना फार आवडायची. पण तशी गाडी खड्ड्यातून गेली की कंबरेचा निकाल लागायचा. मिझुरी राज्यातल्या बिल डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने शॉकअप नजरेआड दडवायची युक्ती काढली, हार्लेने ती विकत घेतली आणि 1984 च्या मॉडेलांत सॉफ्टेल आली. दिसायला आजोबांच्या काळातली, बसायला आजची. क्रूझरचा सगळा धंदा या लबाडीवर उभा आहे. गंमत म्हणजे गिऱ्हाइकाला ही लबाडी ठाऊक असते आणि तो खुशीने तिचे पैसे मोजतो.

2017 च्या ऑगस्टमध्ये हार्लेने ही सॉफ्टेल मुळापासून नव्याने घडवली. चौकट नवी, इंजिन नवं मिलवॉकी-एट, गिअरबॉक्सखाली आडवे निजवलेले दोन शॉकअप जाऊन सीटखाली एकच. गाडी हलकी झाली, वळणावर जास्त झुकू लागली. चालवून बघणाऱ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. त्याच दमात कंपनीने 1991 पासून चालत आलेली डायना मालिका बंद केली आणि फॅट बॉब, लो रायडर, स्ट्रीट बॉब ही तिची नावं सॉफ्टेलच्या चौकटीवर चढवली. डायनावाले खवळले. डायनाचं इंजिन रबरावर बसवलेलं असे. सिग्नलला गाडी उभी राहिली की ते चौकटीत हिंदकळताना डोळ्यांना दिसायचं, आरशातली मागची मोटार थरथरायची, आणि वेग घेतला की सगळं एकदम शांत. नव्या गाडीत इंजिन चौकटीला घट्ट आवळलेलं, कंप मारायला आत बॅलन्सर. इंजिनिअर म्हणाला दोष गेला. डायनावाला म्हणाला जीव गेला. दोघंही खरं बोलत होते.

तरी हार्लेचा खप घसरला तो या रुसव्याफुगव्यामुळे, असं मी म्हणणार नाही. तो आधीपासूनच उतरणीला लागला होता. 2006 च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला अडीच लाखांवर हार्ले विकल्या जात होत्या. 2018 मध्ये, म्हणजे नव्या सॉफ्टेलच्या पहिल्या पूर्ण वर्षात, हा आकडा 1 लाख 33 हजारांपर्यंत खाली आला होता. कंपनीचा गिऱ्हाईक म्हातारा होत चालला होता. नवी सॉफ्टेल उत्तम होती, पण बनवली होती त्याच माणसासाठी. त्याच्या गॅरेजात एक हार्ले आधीच उभी होती, आणि त्याच्या मुलाला बापाची आवड परवडतही नव्हती, पटतही नव्हती. चौकट कितीही ताठ केली तरी या अडचणीवर तो उपाय नव्हता.

उलट होंडाची रेबेल. हे 1985 पासूनचं जुनंच नाव. 2017 साली होंडाने तिचं रूप पार पालटलं, क्रोम जवळजवळ काढूनच टाकलं. खानदानी क्रूझरवाल्याने नाक मुरडावं अशीच गाडी. पण सीट जमिनीपासून 690 मिलिमीटर. बसलं की दोन्ही पाय सपाट टेकतात. गाडी आपल्याला पेलेल की नाही ही नवशिक्याची धास्ती तिथेच संपते. जपानमध्ये रेबेल 250 तरुणांनी आणि बायकांनी उचलून धरली आणि आपल्या वर्गात ती खपाच्या यादीत सगळ्यांच्या वर गेली.

रॉयल एनफिल्डने तिसरीच वाट धरली. 2021 ची नवी क्लासिक लांबून बघितली तर जुनीच वाटावी. आत मात्र 2020 च्या मिटिऑरमधून आलेलं नवं इंजिन, त्यात बॅलन्सर शाफ्ट. हार्लेवर झाला तोच आरोप इथेही झाला, की बुलेटचा ठोका गेला. गेलाच थोडा. पण रोज तीस किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याच्या हाताला येणाऱ्या मुंग्याही गेल्या, आणि बुलेट रविवारची गाडी मानणारा माणूस ती सोमवारीही बाहेर काढू लागला. 2024-25 या आर्थिक वर्षात कंपनीचा एकूण खप 10 लाखांवर गेला. त्यात मोठा वाटा 350 सीसीच्या गाड्यांचा.

आता आपल्या आकुर्डीच्या बजाजची अ‍ॅव्हेंजर. 2001 च्या कावासाकी एलिमिनेटरची ही वारसदार 2005 साली आली आणि बरीच वर्षं निवांत, बेताची खपत राहिली. ऑक्टोबर 2015 मध्ये बजाजने तिला काळा रंग दिला, हँडल सपाट केलं आणि 150 सीसीचं एक रूप सुमारे 75 हजारांत आणलं. मागणी कितीतरी पटीने उसळली. काळ्या रंगाला श्रेय देणारे बरेच भेटतात. मी ते किमतीला देतो, आणि 737 मिलिमीटरच्या सीटला. सव्वापाच फुटांच्या मुलाला पल्सरच्या हप्त्यात क्रूझर मिळत होती. पुढे 150 ची 180 झाली, मग 160 झाली, रंग बदलले, स्टिकर बदलले. गाडीत नवा माणूस काही आला नाही. खप ओसरला आणि त्या जागेत एनफिल्ड पसरली.

म्हणून नव्या क्रूझरच्या पहिल्या महिन्यातल्या बुकिंगवर माझा विश्वास नाही. हार्लेच्या एक्स 440 ला 2023 मध्ये सुरुवातीलाच 25 हजारांहून जास्त बुकिंग मिळालं होतं. पुढे मागणीचा तो जोर टिकला नाही. नावाला भुलून पैसे भरणारे पहिल्या झटक्यात संपतात. तुम्हाला पारखायचंच असेल तर दीड वर्षाने शोरूममध्ये जा आणि घेणाऱ्यांपैकी किती जणांची ती पहिलीच क्रूझर आहे ते विचारा. निम्म्यांहून अधिक असतील तर गाडी चालली म्हणायची.