सही कुणाच्या ताब्यात?

कांदा, दूध, डाळिंब अशा मालाच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात आता बऱ्याच झाल्या आहेत. पारावर विषय निघाला की हमखास विचारतात, ‘वकील न लावता कंपनी काढता येते का?’ येते. किमान 10 उत्पादक शेतकरी, किमान 5 संचालक, पॅन, आधार, डिजिटल सही आणि सरकारी संकेतस्थळावरचा ‘स्पाइस प्लस’ अर्ज. 15 लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला केंद्राची नोंदणी फी नाही, स्टँप ड्यूटी वेगळी. मात्र सगळे नियम पाळल्याचं प्रतिज्ञापन वकील, सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंट यांपैकी एकाला द्यावंच लागतं.

हे प्रतिज्ञापन कंपनी कायद्याच्या ज्या कलम 7 मध्ये आहे, त्यातच संचालकाचंही प्रतिज्ञापन मागितलं आहे. मला काळजी आहे ती त्याची.

प्रत्यक्षात पुष्कळदा काय होतं? ओटीपी आला की तो फोनवर सांगून टाकायचा. डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी टोकनं सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये, रबर लावून, पासवर्डच्या चिठ्ठीसकट. नियमावली तयार छापाची, कंपनीचं नाव तेवढं बदललेलं. संचालकांत एखादी वहिनी, एखादा चुलतभाऊ, नुसते नावाला. सल्लागाराचा हेतू वाईट असतो असं नाही. पण ज्यानं सही दिली त्याला ती कुठल्या कागदावर उमटली हेच ठाऊक नसतं.

कंपनीत जबाबदारी मर्यादित असते, म्हणजे सभासदाचं नुकसान शेअरच्या रकमेपुरतं. पण कंपनी बुडाली तर थकलेले पैसे कुणाचे? खतवाल्याचे, माल घातलेल्या शेजाऱ्याचे. आपल्याला मिळालेलं संरक्षण त्यांच्या विश्वासावर उभं असतं. म्हणून ‘मला काही माहीत नव्हतं’ हे संचालकाच्या तोंडी शोभत नाही, कायदाही ते ऐकत नाही. वार्षिक विवरणपत्राला उशीर झाला की एकेका फॉर्ममागे रोज 100 रुपये. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. 2017 मध्ये देशभरात 2 लाखांवर कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली गेली.

जबाबदारी स्वतः उचलण्याचं उदाहरण जवळच आहे. आपल्याच जिल्ह्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. नोंदणी 1948 ची, कारखाना सुरू झाला 1950 मध्ये. कायदा सहकाराचा, कंपनीचा नव्हे. धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष होता, तरी शेअरसाठी शेतकऱ्यांच्या दारी जाऊन समजावण्याचं काम विठ्ठलरावांनी स्वतः केलं. जाणकाराची मदत घेणं वेगळं आणि आपलं डोकं त्याच्याकडे गहाण ठेवणं वेगळं.

तेव्हा वकील लावा, नका लावू. नोंदणीआधी एक संध्याकाळ मात्र काढा. नियमावली मराठीत मोठ्यानं वाचून घ्या : नफा कसा वाटायचा, शेअर कुणाला देता येतो, संचालक कसा हटवायचा. घरातल्या ज्या बाईचं नाव घातलंय तिलाही समोर बसवा. आणि सहीचं टोकन दुसऱ्याकडे असेल, तर ते आजच मागून आणा.