उडवू का?

भिगवणला होडीत बसलं की नावाडी एकदा तरी विचारतोच, "साहेब, उडवू का?" रोहित पक्ष्यांचा थवा उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून खात असतो. उभ्या रोहिताचा फोटो फिकाच येतो. पंख उघडले की मगच आतला गुलाबी-काळा रंग दिसतो. मी नको म्हणतो. ठणकावून म्हणतो, होडीतल्या इतरांना ऐकू जाईल असं. पण शेजारची होडी आत घुसली आणि थवा उठला, की कॅमेऱ्यावरचं माझं बोट थांबत नाही. आगळीक दुसऱ्याची, फोटो माझा. खरं तर मी त्या दुसऱ्या होडीचीच वाट बघत असतो.

पक्षी बघणारा माणूस स्वतःला निसर्गाच्या बाजूचा समजतो. मीही समजतो. भिगवणचं पाणी मात्र ही समजूत फार टिकू देत नाही. हे पाणी म्हणजे १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा. त्यासाठी गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं. पाणी ओसरलं की देऊळ उघडं पडतं आणि आम्ही त्याचेही फोटो काढतो. वल्हं मारणाऱ्याच्या घरची जमीन याच पाण्याखाली गेली असेल का, हे मी कधी विचारत नाही. माझा प्रश्न एवढाच असतो: पट्टकादंब आले का?

त्यातून पुण्याचं सांडपाणी. मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे. त्यात माझ्या मोरीतलंही आलंच. त्यानं शेवाळ माजतं, गाळात किडे-अळ्या होतात, आणि रोहित तेच गाळून खातो. वासानं मी नाकाला रुमाल लावतो, तिथेच त्याचं ताट वाढलेलं असतं.

मग हे पाणी स्वच्छ व्हावं, असं मला मनापासून वाटतं का? झालं आणि रोहित कमी आले तर? सोलापूर शहर उजनीचंच पाणी पितं, हे ठाऊक असताना उत्तर चटकन यायला हवं. मी अडखळतो. ते अडखळणं मला स्वतःलाच आवडत नाही.

हे पाणी बिघडतं ते आमच्याच दारापासून. वीजबिल वाचवायला सोसायटीचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प रात्री बंद ठेवू, असं सुचवणारे शेजारी मला माहीत आहेत. चांगली माणसं आहेत, अडीअडचणीला धावून येतात. नावाड्याला नको म्हणणं सोपं आहे; बैठकीत त्यांच्यासमोर उभं राहून नको म्हणायला मला जड जातं.