न दिसणारा कठडा

जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात घरबांधणीविषयी एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा. अन्यथा वरून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागेल, असा त्याचा आशय. त्या देशातील घरांची छपरे सपाट असत. लोक तेथे निजत, जवस वाळवीत, पाहुण्यांना बसवीत. मालकाला आपल्या गच्चीची कड अंधारातही ठाऊक असे. ठाऊक नसे ती आल्यागेल्याला. त्याच्यासाठी तो कठडा. विशेष म्हणजे, आधी कोणी पडू द्यावे आणि मग कठड्याचा विचार करावा, अशी सवलत या नियमात नाही.

हा नियम आम्हांला आठवतो तो नाशिकमधील भाड्याच्या खोल्या पाहताना. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहती वाढत गेल्या, तशी शहरात खोल्यांची मागणी वाढली. सिडको, सातपूर, नाशिकरोड, देवळाली या भागांत निवृत्तीच्या पैशांतून घरावर एक मजला चढवून तो भाड्याने देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. आपल्या धर्मग्रामांतही ती आहेत, आणि त्यांत गैर काहीच नाही. कारखान्यातील तरुण, रुग्णालयातील परिचारिका, परगावचा विद्यार्थी यांना निवारा मिळतो, आणि घरमालकाच्या उतारवयाला आधार. प्रश्न पडतो तो पुढे. खालच्या मजल्यासाठी ओढलेल्या तारांवरच वरच्या मजल्याचा संसार चढतो. दोन दिवे आणि एक पंखा एवढ्याच हिशेबाने घातलेल्या त्या तारांवर पुढे शीतकपाट, मिक्सर, गीझर, उन्हाळ्यात कूलर असा भार पडत जातो. घरे आशीर्वादित करण्यास आम्ही जातो, तेव्हा प्रत्येक खोलीत पवित्र जल शिंपडले जाते. मीटरच्या फळीपाशी मात्र आमचा हात आपोआप आखडतो. (पाणी आणि वीज यांचे वैर धर्मगुरूंनाही ठाऊक आहे.) त्या फळीवर कधी कधी फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळलेली दिसते, आणि तिपिनी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे तारच नसते.

हे वरचे भोक अर्थिंगचे. गीझरच्या आत वीज गळली, तर तिला जमिनीत जाण्याची सोपी वाट मिळावी, म्हणून ही तिसरी तार. ती नसेल, तर नळाला हात लावणारा माणूसच ती वाट होतो. फ्यूज किंवा एम.सी.बी. अशा वेळी त्याला वाचवीलच, असा भरवसा नाही; कारण ही साधने प्रामुख्याने तारेची राखण करतात. तारेतून प्रमाणाबाहेर प्रवाह गेला, तरच ती तुटतात किंवा पडतात. माणसाचे हृदय थांबण्यास एवढा प्रवाह लागत नाही. शंभर वॅटचा जुना दिवा साधारण ४३० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या दशांशाइतका प्रवाह छातीतून क्षणभर अधिक वाहिला, तरी तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर निमिषार्धात वीज तोडणारे आर.सी.सी.बी. नावाचे उपकरण असते. त्यावर चाचणीचे एक बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहायचे असते, हे अनेक घरांत कोणी कोणाला सांगितलेलेच नसते. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. वर्तमानपत्रांत त्यांना चार ओळी मिळतात.

इंग्लंडमध्ये खाजगी भाड्याच्या घरांसाठी २०२० साली नियम झाले. त्या वर्षीच्या १ जुलैपासून नव्या भाडेकरारांना आणि १ एप्रिल २०२१ पासून जुन्यांनाही ते लागू झाले. किमान दर पाच वर्षांनी जाणकाराकडून विजेची तपासणी करून घ्यायची, अहवालाची प्रत अठ्ठावीस दिवसांत भाडेकरूच्या हाती द्यायची, आणि कसूर केल्यास दंड. हा दंड आरंभी तीस हजार पौंडांपर्यंत होता. हे वाचून आपल्याकडील मंडळी म्हणतील, ‘तो पुढारलेला देश आहे, आपल्याकडे असे कायदे कोठून येणार?’ गंमत अशी की कायदा आपल्याकडे आधीपासून आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच ग्राहकाच्या वीजमांडणीची पाच वर्षांपेक्षा अधिक अंतर न ठेवता तपासणी व्हावी, असे लिहिले होते. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले, २०२३ साली त्यांचेही नवे रूप आले. मात्र विद्युत निरीक्षक दाराशी येऊन चाचणी घेऊन गेला, असे सांगणारे भाड्याच्या खोलीतले कुटुंब आम्हांला अजून भेटलेले नाही. लाखो घरे आणि मोजके निरीक्षक, हा हिशेब जुळणारा नव्हेच. नवी जोडणी घेताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. तो कागद एकदा कचेरीत गेला की पुढची वीस-तीस वर्षे त्या तारांची चौकशी करणारा कोणी उरत नाही.

अर्थात निरीक्षक आला नाही, म्हणून मालकाचे कर्तव्य संपते काय? येथे नीतिशास्त्राचा एक जुना भेद उपयोगी पडतो. जे जाणून घेणे आपल्या शक्तीबाहेर होते, त्याचे अज्ञान माणसाला निर्दोष ठरविते. जे जाणणे आपले कर्तव्य होते आणि थोड्या यत्नाने जाणता आले असते, त्याच्या अज्ञानाला संत थॉमस अक्वायनस यांनी निष्काळजीपणाचे पाप म्हटले आहे. ‘आजवर कोणाची तक्रार नाही’ हे घरमालकाचे नेहमीचे उत्तर या दुसऱ्या प्रकारात मोडते, असे आमचे मत आहे. तीस वर्षांच्या तारेवरील आवरण ठिसूळ झाले आहे की नाही, हे भाडेकरूला दिसत नाही; मालकालाही दिसत नाही. पण वायरमनला बोलावून, मेगर लावून ते पाहण्याचा अधिकार दोघांपैकी एकाकडेच आहे. भिंती त्याच्या आहेत, मीटर बहुधा त्याच्या नावावर आहे, आणि भाडेही तोच घेतो.

तक्रार नसण्याचे आणखी एक कारण असते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस सहसा तक्रार करीत नाही. बोललो तर बाराव्या महिन्यात खोली सुटेल, ही भीती त्याच्या मनात असते. स्नानगृहात नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, हे तो सहकाऱ्याला सांगतो आणि पायात रबरी चप्पल घालून अंघोळ करू लागतो. मालकाला सांगत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतरही दुरुस्ती न झाल्यास भाडेकरूने ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत खर्च वळता करावा, अशी तरतूदही त्यात आहे. पण ज्याला उद्या दुसरी खोली शोधावी लागेल, तो नोटीस कशाला पाठवील? करारात पंखे किती, दिवे किती, भिंतींचा रंग कोणता, हे नोंदविलेले असते. अर्थिंगविषयी ओळ नसते. म्हणजे त्याचे मौन हा खोली सुरक्षित असल्याचा दाखला धरता येत नाही.

भाडेकरू सगळे निर्दोष असतात, असे आमचे म्हणणे नाही. एका सॉकेटवर तीन शेगड्या लावणारे, आर.सी.सी.बी. वारंवार पडते म्हणून वायरमनकडून ते काढून टाकायला लावणारे महाभागही असतात. पडणारे उपकरण काहीतरी सांगत असते. त्याचे तोंड बंद करणाऱ्याला मालकाकडे बोट दाखविण्याचा अधिकार राहत नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानत नाही. एखादी विधवा दोन खोल्यांच्या भाड्यावर दिवस काढते. संपूर्ण घराच्या तारा बदलायच्या तर तिचे कित्येक महिन्यांचे भाडे जाईल. तिने काय करावे? तिच्यावर असे ओझे टाकून नीतीच्या गोष्टी सांगणे आम्हांला रुचत नाही. परंतु तपासणी आणि संपूर्ण दुरुस्ती यांत अंतर आहे. तपासणीला एखादी सकाळ पुरते. घरात अर्थिंग आहे की नाही, ते त्यात कळते. अर्थिंग नसेल, तर ते करून आर.सी.सी.बी. बसवून घेणे हा पहिला खर्च. बाकीच्या तारा दोन-तीन वर्षांत, जमेल तशा. तोवर गीझर बंद ठेवायचा आणि तो का बंद आहे, हे भाडेकरूला स्पष्ट सांगायचे. एवढे सांगितल्याने खोली रिकामी राहील, ही भीती तिलाही असेलच. म्हणून एकाच गल्लीतील पाच-सहा घरांनी मिळून परवानाधारक वायरमनला एका दिवशी बोलवावे आणि तिचा वाटा इतरांनी उचलावा. धर्मग्राम समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेता येईल. पावसाळ्यात भिंती ओलावतात, तेव्हा हे काम मे महिन्याच्या आत व्हावे. आणि अहवालाच्या दोन प्रती काढून एक वरच्या मजल्यावर नेऊन द्यावी.